फ्रीबीएसडीवर बिल्डचा पसारा आवरताना

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात फ्रीबीएसडी या युनिक्सच्या धाटणीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं एक बिल्ड मशीन, म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्रॅम तयार करणारं मशीन, आहे. डिस्क लहान, मोठी घ्यायला मंजुरी नाही आणि कंपाइल मात्र रोजचं. एका दुपारी बिल्ड मध्येच थांबलं: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्कवरची जागा दाखवणारी डीएफ कमांड चालवून पाहिली तर यूएसआर पार्टिशन (डिस्कचा एक वेगळा भाग) १०८ टक्के भरलेलं!

"मॅडम, शंभरच्या वर कसं जाईल?" शेजारी बसणाऱ्या मुलानं विचारलं. रास्त प्रश्न. यूएफएस ही फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, ८ टक्के जागा राखून ठेवते आणि डीएफ टक्केवारी काढताना ती धरत नाही. रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरला, मात्र ती वापरता येते. आमचं बिल्ड रूटनंच चालायचं, त्यामुळे राखीव जागाही गेली.

मग डीयू या कमांडनं एकेक डिरेक्टरी किती जागा खाते ते मोजायला घेतलं. बेस सिस्टिम शिस्तीची आहे: सोर्स एसआरसी डिरेक्टरीत, तयार होणारं सगळं ओबीजे डिरेक्टरीत. खरा पसारा पोर्ट्समध्ये, म्हणजे बाहेरचे प्रोग्रॅम सोर्सपासून बनवायच्या व्यवस्थेत, होता. प्रत्येक पोर्ट स्वतःच्याच डिरेक्टरीत 'वर्क' नावाचं फोल्डर बनवतो आणि 'मेक क्लीन' ही साफसफाईची कमांड देईपर्यंत ते तसंच पडून राहतं. डाउनलोड केलेलं सोर्स जिथे साठतं त्या डिस्टफाइल्समध्ये जुन्या व्हर्जन्सचे टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली गाठोडी) होते, ते वेगळेच.

वर्क फोल्डरांचा बंदोबस्त सोपा निघाला. मेक डॉट कॉन्फ या बिल्डच्या सेटिंग्जच्या फाइलीत डब्ल्यूआरकेडीआयआरप्रीफिक्स हे सेटिंग एकदा लिहिलं की सगळी वर्क फोल्डरं ठरलेल्या एकाच जागी बनतात. मी ती जागा आणि ओबीजे, दोन्हींना मिळून वेगळं पार्टिशन दिलं. आता बिल्डनं कितीही जागा खाल्ली तरी बाकीच्यांचं काम अडत नाही. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. सीमेक हे बिल्डचं साधन वापरणाऱ्या प्रोजेक्टांनाही तोच नियम लावला: बिल्ड डिरेक्टरी सोर्सच्या बाहेर.

ओबीजे रिकामी करताना मात्र रूट असूनही 'ऑपरेशन नॉट परमिटेड' येऊ शकतं. काही फाइलींवर एससीएचजी हा फ्लॅग, म्हणजे फाइल बदलू किंवा पुसू न देणारी खूण, असतो. आधी सीएचफ्लॅग्ज कमांडनं तो काढायचा, मगच आरएमनं फाइली पुसायच्या. पार्टिशन वेगळं असल्यामुळे आता तेही लागत नाही. पार्टिशन अनमाउंट करायचं (सिस्टिमपासून सोडवायचं), न्यूएफएस चालवून त्यावर कोरी फाइलसिस्टिम बनवायची, परत माउंट करायचं. त्या पार्टिशनवर पुन्हा बनवता येणार नाही असं काहीच नसतं, म्हणून रात्रीच्या बॅकअपमधूनही ते वगळलं. बॅकअपमध्ये आता फक्त सोर्स, आमचे पॅच (सोर्समध्ये आम्ही केलेले बदल) आणि मेक डॉट कॉन्फ जातात.