लॅब नंतर, आधी निर्लेखन

प्राथमिक शाळेत कॉम्प्युटर लॅब सुरू केली म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, मशीन कुठून आणली? ते सगळ्यात सोपं होतं. आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यात नोकरीला आहे. त्याने खटपट करून कंपनीतली वापरलेली, पण धडधाकट मशीन मिळवून दिली. टेम्पो आला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, विषय संपला. अडलं ते खोलीवर. खोली होती, पण ती आधीच कॉम्प्युटरांनी भरलेली होती. बंद पडलेल्या.

सोलापूरच्या पूर्व भागातली, सातवीपर्यंतची आमची शाळा. फार पूर्वी एका योजनेतून आलेले जाड काचेचे मॉनिटर, सीपीयू आणि बॅटऱ्या फुगलेले यूपीएस त्या खोलीत भिंतीपर्यंत रचून ठेवले होते. त्यातलं एकही सुरू होत नव्हतं. तरी हात लावायची सोय नव्हती, कारण डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद. जे रजिस्टरला आहे ते शाळेत दिसलंच पाहिजे. ते घालवायचं तर निर्लेखन करायचं, म्हणजे साहित्य निकामी झालंय हे कागदावर सिद्ध करून, मंजुरी घेऊन, रजिस्टरमधून कमी करायचं.

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव एका बैठकीत झाला. मशीन दुरुस्त होण्यासारखी नाहीत असा दाखला लागतो. नेहमीच्या दुरुस्तीवाल्याचं लेटरहेड चाललं नाही, सरकारी तंत्रशिक्षण संस्थेतल्या एका सरांनी येऊन बघून लिहून दिलं. फोटो, यादी, नोंदवहीच्या पानाची साक्षांकित प्रत, सगळं लावलं. प्रस्ताव गेला आणि परत आला. एक रकाना रिकामा होता: खरेदी किंमत.

"किंमत कुठंय मॅडम?" ऑफिसातल्या कारकून भाऊसाहेबांनी विचारलं.

"मालाबरोबर आलेल्या चलनाच्या कागदावरच नाही भाऊसाहेब. वस्तूचं नाव आणि नग, एवढंच आहे."

"मग शून्य लिहा की."

लिहिलं. काही आठवड्यांनी प्रस्ताव पुन्हा माघारी. शेरा असा: शून्य किमतीच्या वस्तूचे निर्लेखन करण्याचे प्रयोजन काय? म्हणजे किंमत नाही म्हणून फेकता येत नाही, आणि किंमत शून्य धरली तर फेकायची गरजच नाही. तो कागद हातात घेऊन मी जिन्यातच थांबले होते. हसावं की त्याच भाऊसाहेबांच्या टेबलावर जाऊन तो आपटावा, ठरेना.

मग खरेदीचा आदेश शोधणं आलं. एका कार्यालयात सांगितलं, खरेदी आमची नाही, दुसरीकडे विचारा. दुसरीकडे म्हणाले, प्रत शाळेलाच दिली असणार, तुमचं दप्तर नीट बघा. दप्तर मी नीट बघितलं होतं. वाळवीने खाल्लेल्या फायलीही उलटून झाल्या होत्या. हे सगळं एप्रिलमधलं. सकाळची शाळा सुटली की साडेबाराच्या उन्हात ऑफिस गाठायचं. सोलापुरात त्या दिवसांत पारा चाळिशीच्या आसपासच असतो. पोचावं तर भाऊसाहेब जेवायला गेलेले, आणि जेवून आले की उत्तर ठरलेलं, "ते टेबल बघणारे बदलून गेले." टेबल तिथंच होतं, फाईल तिथंच होती. माणूस बदलला म्हणून फाईलला काय होतं, हे मला आजही कुणी समजावलेलं नाही.

दरम्यान कोपऱ्यावरचा भंगारवाला अधूनमधून गेटवर यायचा. "बाई, रोख देतो, आत्ता उचलतो." मोह व्हायचा. पण तसं करायचं नसतं, आणि इथे मी नियमाच्या बाजूने आहे. ई-कचरा व्यवस्थापनाचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, आणि असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जायला हवा. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. भंगारवाला तो गल्लीतच फोडणार, आणि त्या गल्लीत आमचीच पोरं राहतात.

सुटका झाली ती एका निवृत्त गुरुजींमुळे. ते म्हणाले, "अगं, त्या वर्षी एकट्या तुमच्याच शाळेला आले होते काय?" त्याच योजनेतून, त्याच वर्षी, त्याच बनावटीची मशीन दुसऱ्या एका शाळेला मिळाली होती. तिथल्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी रजिस्टरमध्ये प्रत्येक नगापुढे किंमत लिहून ठेवली होती, सुवाच्य अक्षरात. त्या पानाची साक्षांकित प्रत जोडली आणि प्रस्ताव कुणी चकार शब्द न काढता मंजूर झाला. त्या मुख्याध्यापकांना मी कधी भेटलेले नाही, पण पेढे द्यायचे राहिलेत. तुमचा रकाना असाच अडला असेल तर आधी शेजारच्या शाळांची रजिस्टरं बघा, ऑफिसच्या पायऱ्या नंतर चढा.

आणि वस्तू दान आली तरी देणाऱ्याकडून पत्रावर अंदाजे किंमत लिहून घ्या. नवी मशीन आली त्या दिवशी मी टेम्पो थांबवून पत्रावर किंमत लिहून घेतली. ड्रायव्हर वैतागला. वैतागू दे.

एक मेलेला सीपीयू उघडून भिंतीवर लावावा, पोरांना आतलं दिसेल, असं माझ्या मनात होतं. तेही जमलं नाही. यादीत जितके नग तितके गेले पाहिजेत! शेवटी दुरुस्तीच्या दुकानातून एक निकामी मदरबोर्ड मागून आणला.

सजावटीचं म्हणाल तर "संगणकाच्या पिढ्या" छापाचं फ्लेक्स लावू नका. पोरं एकदाच बघतात, मग तो फक्त धूळ धरतो. आमच्या भिंतीवर जकार्डचे पुठ्ठे आहेत, म्हणजे मागावर चादरीची नक्षी ठरवणारे भोकांचे पुठ्ठे. एका विद्यार्थिनीचे वडील चादरीच्या कारखान्यात आहेत, त्यांनी जुन्या डिझाइनची आख्खी माळ दिली. वर्गात येऊन समजावलंही त्यांनीच: भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. चौथीतला एक पोरगा लगेच म्हणाला, "म्हणजे हो आणि नाही." मला वेगळं काही शिकवायची गरजच उरली नाही. फ्रान्समध्ये जकार्डने 1804 च्या सुमारास हा माग आणला. पुढे इंग्रज गणितज्ञ बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी अशीच कार्डं वापरायचं योजलं आणि 1890 ची अमेरिकेची जनगणना भोकांच्या कार्डांवर मोजली गेली. हे तिन्ही टप्पे पोरांनी पुठ्ठ्यांखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलेत. शेजारी आलेख कागदावर रंगवलेली चादरीची फुलं आहेत, एक चौकोन म्हणजे एक पिक्सेल, पडद्यावरचा एक ठिपका. तीच फुलं नंतर टक्स पेंट ह्या पोरांच्या चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये काढून घेतली.

मशीनवर विंडोजऐवजी उबंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीय. विंडोज 10 चा आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला आणि 11 ह्या मशीनवर बसत नाही. एखाद्या मशीनवर वेबसाइटच उघडत नसतील तर इंटरनेटवाल्याला फोन करण्याआधी तारीख बघा. आतली सीआर 2032 ची बटणाएवढी बॅटरी संपली की तारीख कितीतरी वर्षं मागे जाते आणि मग ब्राउझर प्रत्येक साइटवर संशय घेतो.

टायपिंग पहिल्यापासून इनस्क्रिप्टवरच, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड मांडणीवरच शिकवा. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. "सोलापूर" म्हणजे एम, ए, एन, ई, एच, टी, जे. आमच्याकडे निम्म्या घरांत तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड. इनस्क्रिप्टची मांडणी भारतीय लिप्यांना सारखीच आहे, त्यामुळे मराठीत क जिथे आहे, तेलुगू निवडल्यावर तिथेच तेलुगूचा क उमटतो. एका मुलीने आजीचं नाव तेलुगूत टाइप केलं तेव्हा अख्खा वर्ग तिच्या खुर्चीमागे जमला होता. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायला शिकवलं असतं तर हे झालं नसतं.

राहिलं ते विजेचं. लॅबच्या आधी अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडची जमीन उन्हाळ्यात पार कोरडी पडते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला कुणाला तरी नेमा. पाण्याची पाळी असेल त्या दिवशी ओतलं तर कुणी कुरकुरत नाही. आणि मे महिन्याच्या सुट्टीत यूपीएस तसेच सोडून जाऊ नका, महिनाभर रिकामी पडलेली बॅटरी जूनमध्ये उठत नाही. आमच्याकडे शिपाईमामा दर पंधरवड्याला येऊन एक दुपार यूपीएस चार्जिंगला लावतात आणि तारीख टाकून वहीत सही करतात. ती वही मीच सुरू केली, आणि बॅटरीची किंमतही तिच्यात पहिल्याच पानावर आहे.