गाडीचा एअर फिल्टर निवडताना

आंबेगावहून उंड्रीकडे जायचे तर कात्रज-कोंढवा रस्त्याला पर्याय नाही, आणि त्या रस्त्याचे रुंदीकरण, खडी-सिमेंटचे ट्रक आणि सुटलेली माती ज्यांनी अनुभवली आहे त्यांना तिथल्या धुळीविषयी वेगळे सांगायला नको. नोकरीमुळे माझी गाडी रोज याच रस्त्याने जाते. दसऱ्याच्या आधी मी गाडी सर्व्हिसिंगला दिली, तेव्हा अंदाजपत्रकात एअर फिल्टर बदलण्याचा खर्च धरलेला होता. फिल्टर खरोखर बदलायला हवा का, आणि बदलायचा तर कोणता घ्यावा, हे नीट समजून घेतल्याशिवाय होकार द्यायचा नाही असे मी ठरवले.

अंदाजपत्रकात ‘एअर फिल्टर’ आणि ‘एसी फिल्टर’ अशा दोन ओळी होत्या. हे दोन अगदी वेगळे भाग आहेत आणि त्यांची गल्लत फार वेळा होते. एसीचा फिल्टर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या खणामागे असतो आणि तो आपल्या श्वासासाठी असतो; इंजिनाचा फिल्टर बॉनेटखालच्या काळ्या प्लास्टिकच्या डब्यात असतो. पुढे जे लिहिले आहे ते या दुसऱ्याविषयी आहे.

फिल्टरमधल्या या साध्या दिसणाऱ्या घड्यांच्या कागदावर किती भार असतो, हे आकड्यांनी लक्षात येते. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते, म्हणजे त्याला जवळजवळ 11 किलो हवा हवी. पुण्याच्या उंचीवर आणि तापमानाला ही हवा नऊ ते दहा हजार लिटर भरते. टाकीतले प्रत्येक लिटर पेट्रोल जळताना एवढी हवा त्या फिल्टरमधून ओढली जाते. रस्त्यावरच्या धुळीत सिलिकाचे कण असतात आणि ते लोखंडापेक्षा कठीण असतात. ते आत गेले की सिलिंडरची भिंत आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. म्हणूनच वापरलेल्या इंजिन ऑइलच्या प्रयोगशाळेतील तपासणीत सिलिकॉनचे, म्हणजे सिलिकातल्या मूलद्रव्याचे, प्रमाण वाढलेले आढळले, तर फिल्टरमधून किंवा त्याच्या कडेने धूळ आत जाते आहे का, हे आधी पाहतात.

फिल्टर तुंबला की ॲव्हरेज पडते, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत त्यात तथ्य होते. आजच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत मात्र इंधन किती सोडायचे हे संगणक आत आलेल्या हवेप्रमाणे ठरवतो, आणि फिल्टरचा अडथळा वाढला तर आपण नकळत ॲक्सिलरेटर थोडा अधिक दाबून तो भरून काढतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून चाचण्या घेतल्या, तेव्हा आधुनिक गाड्यांच्या इंधनखर्चात लक्षणीय फरक पडला नाही; पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर वेग घ्यायला लागणारा वेळ मात्र वाढला. हे वाचल्यानंतर माझ्या निवडीचा निकष स्पष्ट झाला. इंधन वाचवण्यासाठी फिल्टर निवडायचा नव्हता, तर इंजिनाची झीज थांबवण्यासाठी निवडायचा होता. जो फिल्टर धूळ अधिक अडवतो आणि डब्यात घट्ट बसतो तोच चांगला, मग तो ‘पिकअप’ वाढवण्याचे आश्वासन देवो वा न देवो.

घराजवळच्या गॅरेजमधल्या मेकॅनिकने जुना फिल्टर काढून दाखवला आणि म्हणाला, “ताई, कॉम्प्रेसरची हवा मारून देतो, आरामात चालेल अजून.” त्याचा हेतू माझे पैसे वाचवण्याचा होता, याविषयी मला शंका नाही. परंतु कागदी फिल्टरला जवळून जोराची हवा मारली तर तंतूंमधली छिद्रे फाकू शकतात, आणि हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. आणखी एक गोष्ट आहे. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरही बारीक कण अडवू लागतो, त्यामुळे अगदी कोऱ्या फिल्टरपेक्षा थोडा वापरलेला फिल्टर अधिक चांगला गाळतो. सारखा डबा उघडून फिल्टर झटकल्याने हा फायदा जातो, आणि प्रत्येक वेळी रबरी कड नीट न बसण्याचा धोका पत्करावा लागतो तो वेगळाच. गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेव्हा हलक्या हाताने झटकणे किंवा आतल्या बाजूकडून हलकी हवा देणे ठीक आहे. पण त्याने फिल्टर नवा होत नाही.

माझ्या फिल्टरचा रंग तपकिरी झाला होता, पण केवळ रंगावरून निर्णय घेऊ नये. मी घड्या बोटांनी हलकेच उघडून पाहिल्या. धूळ फक्त कडांवर नव्हती, तळापर्यंत भरली होती. काही घड्या पावसाळ्यातल्या ओलाव्याने वाकून एकमेकींना चिकटल्या होत्या. पुस्तिकेत 40,000 किलोमीटरला बदल सांगितला आहे, आणि धुळीच्या रस्त्यांवर तो त्याआधी करावा अशी टीपही आहे. आपल्यापैकी अनेकजण पहिले वाक्य वाचतात आणि टीप सोडून देतात. कात्रज-कोंढवा रस्त्यावर रोज धावणारी गाडी त्या टीपेतच मोडते, म्हणून फिल्टर बदलायचे नक्की झाले.

सर्व्हिस सेंटरकडून न घेता मी तो नाना पेठेतून घेतला, कारण तिथे वेगवेगळ्या बनावटीचे फिल्टर शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. जुना फिल्टर पिशवीत घालून बरोबर नेला आणि चासी नंबर लिहून घेतला. याचा फार उपयोग झाला. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांचे, किंवा मधल्या एखाद्या वर्षी बदललेल्या डब्याचे फिल्टर वेगळे असू शकतात, आणि दिसायला ते भावंडांसारखे असले तरी उंचीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतो. कडेला फट राहायला तेवढा फरक पुरेसा असतो.

दुकानदाराने विचारले, “ओरिजिनल देऊ, कंपनीचा देऊ, का लोकल चालेल?” त्यांच्या भाषेत ओरिजिनल म्हणजे गाडी बनवणाऱ्याच्या नावाच्या खोक्यातला, कंपनीचा म्हणजे फिल्टर बनवणाऱ्या नामांकित उत्पादकाचा, आणि लोकल म्हणजे ज्याच्या मागे कोणाचेच नाव नाही असा. मी तिन्ही काउंटरवर ठेवायला सांगितले.

लोकल फिल्टर सर्वांत स्वस्त होता. त्याच्या घड्या कमी होत्या आणि त्यांतले अंतर असमान होते. घड्या कमी म्हणजे कागदाचे एकूण क्षेत्रफळ कमी, आणि म्हणून धूळ साठवायला जागाही कमी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याची कड कडक होती आणि अंगठ्याने दाबली तरी दबत नव्हती. इथे मला जुन्या फिल्टरची मदत झाली. त्याच्या मऊ कडेवर डब्याच्या झाकणाने चारी बाजूंनी एकसारखी खोल रेघ उमटवली होती. ती रेघ अखंड असेल तर समजावे की हवा कागदातूनच गेली. ती कुठे तुटली किंवा पुसट झाली असेल तर तिथून धूळ न गाळता आत शिरली. कडक कडेवर अशी रेघ उमटणारच नाही. कागद कितीही उत्तम असला तरी कडेच्या फटीतून गेलेल्या हवेला तो काहीच करू शकत नाही. त्यामुळे लोकल फिल्टर मी बाजूला ठेवला.

दुकानात तेल लावलेल्या सुती जाळीचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टरही होता. एकदाच घ्या आणि गाडी विकेपर्यंत वापरा, ही कल्पना मला मनापासून आवडली, आणि दर वेळी कचऱ्यात जाणारा कागद वाचतो हेही खरे. त्याची किंमत कित्येक पटींनी जास्त होती, तरी अडचण किमतीची नव्हती. अशी जाळी हवा सहज जाऊ देते, पण बारीक धूळ अडवण्यात चांगला कागद सहसा सरस ठरतो. टक्केवारीत हा फरक किरकोळ वाटतो, म्हणून तो उलट बाजूने पाहावा. समजा एक फिल्टर 99.5 टक्के धूळ अडवतो आणि दुसरा 98 टक्के, तर दुसऱ्यातून इंजिनात जाणारी धूळ पहिल्याच्या चौपट होते. शिवाय धुतल्यानंतर तेल जास्त लागले तर ज्या गाड्यांत हवेचा प्रवाह मोजणारी तापलेली तार असते, तिच्यावर ते बसून सेन्सरची मोजणी चुकू शकते. घाटात शर्यती लावणाऱ्यांचा हिशेब वेगळा असेल; खडीच्या ट्रकमागून जाणाऱ्या माझ्या गाडीसाठी तो योग्य नव्हता.

उरले ओरिजिनल आणि कंपनीचा. फिल्टरची गाळणक्षमता, हवेला होणारा अडथळा आणि धूळ साठवण्याची क्षमता मोजण्यासाठी आयएसओ 5011 हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आणि त्यासाठी ठरावीक आकाराच्या कणांची प्रमाणित धूळ वापरतात. चांगले उत्पादक या पद्धतीने चाचणी केल्याचे सांगतात, पण खोक्यावर निकालाचे आकडे क्वचितच छापतात. ग्राहकाला ते मिळायला हवेत, असे मला ठामपणे वाटते. ते नसल्यामुळे मी घड्यांची संख्या, खोली, कडेचा मऊपणा आणि पार्ट नंबर एवढ्यावर तुलना केली, आणि या दोन्हींत निवड करण्याजोगा फरक मला दिसला नाही. शेवटी ओरिजिनल घेतला, कारण त्याची कड जुन्या फिल्टरच्या कडेशी तंतोतंत जुळत होती. खोक्यावरची छापील किंमत, उत्पादनाचा महिना, होलोग्राम आणि क्यूआर कोड तपासले व पक्के बिल घेतले, कारण ओरिजिनलच्या खोक्यात डुप्लिकेट माल भरणारेही असतात.

फिल्टर मी घरीच बसवला. क्लिपा सोडून झाकण उचलले, डब्याच्या खालच्या भागातली माती आणि वाळलेली पाने ओल्या फडक्याने पुसून काढली. इंजिनाकडे जाणारे तोंड तोपर्यंत स्वच्छ कापडाने झाकून ठेवले होते. झाकणाच्या आतल्या, म्हणजे गाळलेल्या हवेच्या बाजूवरून पांढरा रुमाल फिरवला आणि तो स्वच्छ निघाला. जुन्या फिल्टरची कड धूळ रोखत होती याची त्याने खात्री पटली. नवा फिल्टर खाचेत बसवून चारी कडा बोटांनी चाचपल्या आणि सर्व क्लिपा लावल्यावर झाकणाला कुठे फट नाही हे टॉर्च लावून पाहिले. फिल्टरच्या चौकटीवर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले आहेत. रस्त्याचे काम चालू आहे तोपर्यंत 20,000 किलोमीटरला बदलायचा असे ठरवले आहे, आणि मधल्या सर्व्हिसिंगला डबा उघडला तर हवा न मारता आधी कडेवरची रेघ दाखवायला मेकॅनिकला सांगून ठेवले आहे.