दोघांचा डाव आणि चार चिंचोके

दाजींची बदली नाशिकच्या अंबडला झाली आणि भाड्याचं घर मिळेपर्यंत जून ते सप्टेंबर ते आमच्याकडे इंदिरानगरला राहिले. जेवणं आटोपली की आम्ही दोघं पोकर मांडायचो. नो-लिमिट होल्डेम, समोरासमोर: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मधे दोघांसाठी पाच उघडी, आणि पैज हवी तेवढी वाढवायची मुभा. पैशाने आमच्या घरी कुणी खेळत नाही. आईने चिंच फोडताना बाजूला ठेवलेले चिंचोके होते, ते प्रत्येकी शंभर घ्यायचे.

तीन पत्तीवर वाढलेल्यांचा इथे घोटाळा होतो, माझाही झाला. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं. इथे ब्लाइंड म्हणजे पानं वाटण्याआधी सक्तीने मधे टाकायची रक्कम. आमचा स्मॉल ब्लाइंड एक चिंचोका, बिग ब्लाइंड दोन. दोघंच असले की वाटणारा, म्हणजे ज्याच्याकडे बटण असतं तोच, स्मॉल ब्लाइंड टाकतो. फ्लॉपच्या, म्हणजे मधली पहिली तीन पानं उघडण्याच्या, आधी तो पहिला बोलतो, फ्लॉप पडल्यावर मात्र प्रत्येक वेळी शेवटी. हा शेवटी बोलण्याचा हक्क केवढा मोलाचा आहे, हे कळायला मला महिना लागला.

तो महिना मी रोज हरले. रमीत हात वाईट आला की पान टाकून मोकळं व्हायचं, ही सवय अंगात मुरलेली. चांगली पानं येईपर्यंत थांबायचे आणि मधल्या डावांत स्मॉल ब्लाइंड सोडून द्यायचे. मग एका रात्री हिशेब केला. दोन पानांचे वेगवेगळे हात एकूण १,३२६ होतात. त्यात हातातच जोडी येणाऱ्या ७८, म्हणजे सतरा डावांत एकदा. एक्क्यांची जोडी तर २२१ डावांत एकदा. तोवर एकेक चिंचोका गळतच राहणार. शिवाय समोरच्यालाही तसलीच पानं येतात. हातात जोडी नसेल तर फ्लॉपवर जोडी लागण्याची शक्यता साधारण तीनात एक. दोघांचंही हुकलेलं असलं की आधी ज्याने जोर दाखवला त्याचाच डाव होतो.

ज्या संध्याकाळी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पुराचं पाणी लागलं, त्या दिवशी दाजी पूर बघून भिजून आले आणि लवकर झोपले. मी वही घेऊन बसले. मधे आहेत तीन चिंचोके. मी वाढवून एकूण चार केले तर मला आणखी तीन घालावे लागतात. तीन घालून तीन जिंकायचे, म्हणजे दाजींनी निम्म्या वेळा पानं टाकली तरी माझं फिटलं, माझी पानं कसलीही असोत. एकूण सहा केले तर पाच घालून तेच तीन मिळणार, आणि त्यासाठी त्यांनी शंभरात त्रेसष्ट वेळा सोडायला हवं. मी मोठ्या रेझला, म्हणजे मोठ्या वाढीला, जोर समजत होते. खरं तर ती महाग पडत होती. लहान रेझला ते जास्त वेळा कॉल करतात, म्हणजे तेवढेच भरून डावात राहतात, हे खरं. पण कॉल झाला तरी शेवटी बोलायचा हक्क माझ्याकडेच राहतो.

दुसऱ्या दिवसापासून बटणावर शंभरातले पंच्याऐंशी हात चारवर न्यायला लागले. सत्ती-दुर्री, अठ्ठी-तिर्री असले वेगवेगळ्या जातींचे हात तेवढे टाकायचे. नुसता एक चिंचोका भरून आत जाणं बंद केलं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने २०१५ मध्ये दोघांचा पोकर खेळणारा सेफियस नावाचा प्रोग्रॅम जाहीर केला, तोही बटणावरून नुसता कॉल जवळजवळ कधीच करत नाही. तो लिमिट पोकरचा, म्हणजे वाढवायची रक्कम ठरलेली, आमचा नो-लिमिट, म्हणून त्याचं सगळं जसंच्या तसं घेता येत नाही. पण मला त्याने धीर आला.

तरी एक चूक राहिलीच. राजांची जोडी आली की हात आपोआप आठवर जायचा. तिसऱ्या दिवशी दाजींनी राणी-गुलाम उताणे टाकले आणि म्हणाले, "आज आठ केलेस ना? मग मी नाही येत." त्या दिवसापासून पानं कुठलीही असोत, आकडा एकच ठेवला. एक्क्यांची जोडी असली तरी चारच.

खरी परीक्षा ऑगस्टमध्ये आली. माझ्या चारवर दाजी चौदा करायला लागले. मी वैतागून पानं टाकत राहिले. पुन्हा वही काढली तेव्हा दिसलं, की त्यांचे दोन आधीच आत आहेत. ते आणखी बारा घालतात आणि माझे चार नि त्यांचे दोन असे सहा उचलतात. मी तीनातून दोनदा पानं टाकली तरी त्यांचं फिटतं, आणि मी तर पाचातून चारदा टाकत होते! मग पंच्याऐंशीवरून साठावर आले. बदाम नव्वी-अठ्ठीसारख्या हाताने कॉल करायला लागले, कारण पुढे शेवटी मीच बोलणार. मोठ्या जोड्यांबरोबर अधूनमधून एकाच जातीचे एक्का-पंजी घेऊनही उलट वाढवायचे, म्हणजे माझी उलट रेझ आली की मोठी जोडीच असणार, असं त्यांना धरून चालता येऊ नये.

चिंचोके वीसवर आले की मात्र चारचा खेळ सोडते. तिथे मी चार करायचे आणि दाजी सगळे लोटायचे. मग सोळा घालून चोवीस जिंकायला चाळीस टक्के संधी पुरते, आणि एवढी संधी बऱ्याच हातांना असते. म्हणजे रेझ करून पानं टाकणं तोट्याचं. तिथे एक तर सगळे आत, नाहीतर पानं खाली.

दाजी आता पाथर्डी फाट्याला राहतात, ताईही आली. रविवारी मिसळ झाली की आम्ही बसतो. मागच्या रविवारी मी बटणावर चार केले, त्यांनी यावेळी चौदाऐवजी अकरा केले, मी चौकट दश्शी-नव्वीने कॉल केला. डाव त्यांनी जिंकला. अकराला किती हातांनी कॉल करायचा, याचा नवा रकाना त्याच दुपारी वहीत आखला.