गरीला शिसं नव्हतं

आमच्या माहीमच्या घरात मासा परत सोडायची पद्धत नव्हती. बाबा रविवारी भरतीची वेळ बघून वांद्र्याच्या खडकांवर बसायचे, आणि गरीला जे लागेल ते, बोईट असो की शिंगाळा, संध्याकाळी कालवणात यायचं. सात वर्षांची असल्यापासून मी त्यांच्या शेजारी बसलेय. कोळंबीचा तुकडा लावायचा, तंगुसाला शिसं बांधायचं आणि हात मागे नेऊन जोरात भिरकावायचं. शिशाच्या वजनाने तंगूस लांब जातो. बाबा गेले त्याला दोन वर्षं होतील. त्यांची गरी कपाटावर तशीच आहे.

ट्राउट पकडायला हिमाचलात जायचं हे त्यांचंच राहून गेलेलं वेड. मे महिन्यात मी एकटी गेले. चंदीगडपर्यंतचा प्रवास आणि पुढची रात्रभराची बस यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पहाटे औटच्या बोगद्याआधी उतरले. तिथे लारजीच्या धरणात अडलेली बियास हिरवीगार, निश्चल पडली होती. बंजारवरून गुशैणीला पोचले, तर तीर्थन नदी दगडांवर आपटत, पांढरी होत धावत होती. तीर्थनवरही वीजप्रकल्प येणार होते. माजी आमदार दिलेराम शबाब यांच्या पुढाकाराने खोऱ्यातल्या लोकांनी लढून ते अडवले. औटचं ते थांबलेलं पाणी बघून आलेल्या माणसाला हे कोणी वेगळं समजवावं लागत नाही.

ज्यांच्या घरी राहिले त्या चाचाजींनी मत्स्य विभागाचा परवाना काढून ठेवला होता. जेवणात तळलेला ट्राउट होता, मत्स्यशेतीतला, मोहरीच्या तेलातला. मला आपलं तिरफळ आठवत राहिलं. पण ताटात पुन्हा पुन्हा गरम पोळी टाकणारी चाचीजी आठवली की तक्रार करवत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे नदीत उतरलो. पाणी बर्फाचं, दोन मिनिटांत पोटऱ्या बधिर झाल्या. चाचाजींनी फ्लाय दाखवली. आकड्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली, नखाएवढी खोटी माशी. फुंकरीने उडेल इतकी हलकी. मी विचारलं, शिसं कुठे बांधायचं? ते म्हणाले, "वजन डोरी में है, बेटी." खरंच, दोरी जाडसर होती. इथे दोरीच फेकायची असते आणि माशी तिच्या टोकाला नुसती सोबत जाते. काठी मागे नेऊन थांबायचं, दोरी पाठीमागे हवेत सरळ होऊ द्यायची आणि मगच पुढे आणायची. मला ते थांबणं जमेना. वीस वर्षांचा हात होता माझा, वांद्र्याचा, भिरकावणारा. दोरी पुन्हा पुन्हा माझ्याच पायांशी गोळा होऊन पडायची. "जोर मत लगाओ," ते दर वेळी म्हणायचे. आवाज एकदाही चढला नाही.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, मोठ्या दगडामागच्या संथ पाण्यात उभा राहतो आणि वरून वाहत येणारे किडे टिपतो. म्हणून त्याच्या मागून, खालच्या अंगाने जायचं. माशीही किड्यासारखी सुटी वाहिली पाहिजे. दोरीने तिला जरा जरी ओढलं, तरी तो तोंड लावत नाही. हे ब्राउन ट्राउट मूळचे युरोपातले. इंग्रजांनी काश्मीरमध्ये आणले आणि तिथून १९०९ साली कुल्लूत आले.

पहिला दिवस कोरडा गेला. दुपारी काठावर एक टोळकं स्पीकर लावून बसलं आणि चिप्सची पाकिटं नदीत सोडून गेलं. मला इतका संताप आला की मी बोलायचं तेही बोलले नाही. ते अजून खुपतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एकदा मी थांबले. दोरी मागे सरळ झाल्याचं हाताला कळलं. माशी दगडामागे अलगद उतरली, दोन हात वाहिली, आणि पाणी फुटलं. मी ओरडले तेव्हा तोंडातून बाबांचं "लागला रे!" निघालं.

चाचाजींनी आधी हात ओले करायला लावले. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा नंतर आजारी पडतो. पिवळसर अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. त्यांनी पाण्यातच काठीवरच्या खुणांशी मोजला: ३१ सेंटिमीटर. नियम किमान ४० चा. माझी बोटं मिटलेलीच राहिली. त्यांनी घाई केली नाही. "मुँह धार की तरफ रखो," एवढंच म्हणाले, म्हणजे कल्ल्यांतून पाणी जाईल. मी तसा धरला. हातात कल्ले उघडत होते, मिटत होते. मग शेपटीचा एक फटका बसला आणि तळहात रिकामे झाले. मी बराच वेळ ते पाण्यातच ठेवले.

रात्री आईला फोन केला. सोडला म्हटल्यावर ती क्षणभर बोलली नाही. मग बाबा घरी आले की विचारायची तेच विचारलं, "वजन किती भरलं असतं गं?"

मला सांगता येईना. मी तो पाण्याबाहेर उचललाच नव्हता.