शॉवरखालची बादली

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घरी येणारा प्रत्येक पाहुणा बाथरूममधून बाहेर आला की हेच विचारतो: "अहो, एवढा झकास शॉवर बसवलाय, मग त्याखाली बादली कशाला?" पूर्वी मी "बिघडलाय हो" म्हणून वेळ मारून न्यायचो. एका पाहुण्यानं दुरुस्तीला पान्हा मागितला, तेव्हापासून खरं सांगतो.

मी लातूरचा. पाणी शिळं होतं, हे मला मुलुंडला राहायला आल्यावर कळलं. इथल्या शेजारच्या काकू सकाळी पाणी आलं की कालचा हंडा मोरीत पालथा करतात, आणि त्या आवाजानं माझ्या पोटात खड्डा पडतो. आमच्याकडे आठ-आठ दिवसांचं पाणी ताजंच असायचं.

त्यात २०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण आटलेलं, नळ नुसते शोभेला. पाण्यावरून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम लावलं होतं. पाचाहून जास्त माणसांनी जमायचं नाही. आमच्या घरातच सहा माणसं! १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर, कृष्णेचं पाणी. माणसं मुंबई-पुण्याहून येतात तसं पाणी गाडीनं गावाला आलं. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, तरी आमच्या गल्लीत शेवटी टँकरचीच वाट बघायची.

टँकरवाल्याला आई चहा द्यायची. दुधाचा, आलं घातलेला. घरात आम्हाला काळा. याला कृतज्ञता म्हणा की लाच. पाइप पहिल्यांदा आमच्या पिंपात पडायचा एवढं खरं. मी घमेल्यात उभा राहून अडीच तांब्यांत आंघोळ उरकायचो. घमेल्यातलं पाणी फरशीला, फरशीचं संडासाला. शेवटचा अर्धा तांब्या डोक्यावर घ्यायचा की खांद्यावर, हा रोजचा गहन प्रश्न. मी बहुतेकदा खांदा निवडला.

आता मुलुंडात नळ सोडला की पाणी येतं. कुठून, तर तानसा, वैतरणा, भातसा. तानसाचं धरण १८९२ चं. तिथलं पाणी डोंगर-जंगलातून, मोठमोठ्या नळांतून, भांडुपपर्यंत नुसत्या उतारानं येतं. ढकलायला पंप नाही. एवढा प्रवास करून आलेल्या पाण्याकडे मी दाढी करताना दोन मिनिटं बघत बसतो आणि बायको बाहेरून ओरडते, "नळ बंद कर आधी, मग बघ!" तिचं बरोबर आहे.

आभार मानायचे तर कुणाचे? वैतरणेला पत्र जात नाही, धरण बांधणारे केव्हाच गेले. राहता राहिला आमच्या सोसायटीचा पंपवाला, जो पहाटे पाचला उठून टाकीत पाणी चढवतो. त्याला मी दिवाळीला इतरांपेक्षा जास्त पैसे देतो. त्याचा समज असा की मी कमिटीच्या निवडणुकीला उभा राहणार आहे.

तर, बादली यासाठी. शॉवरखाली माझा हिशेब लागत नाही. बादली भरली की डोळ्यांना दिसतं, आज आपल्याला एवढं मिळालं. अडीच नाही, चांगले पंधरा तांब्ये!

मागच्या महिन्यात आई आली. तिला शॉवर कसा सोडायचा ते दाखवलं आणि बाहेर कान देऊन बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली, धार काही थांबेना. चिंता वाटून मी दार वाजवलं, तर आतून गाणं गुणगुणणं थांबलं. अर्ध्या तासानं लालबुंद चेहऱ्यानं बाहेर आली, केसांचा टॉवेल घट्ट बांधला नि म्हणाली, "ती बादली काढ रे तिथून. पायात येते."