डिझेल पिकअपचा एफआय (फ्युएल इंजेक्शन) पंप बदलताना: कोणता घ्यायचा आणि मुळात घ्यायचा का

सेल्फ मारून मारून बॅटरी बसली आणि इंजिन धरत नाही, की पहिला निकाल ठरलेला: "पंप गेला." हा निकाल घाईघाईने देऊ नका. पंपाच्या मागे टाकीतून डिझेल आणणारा फीड पंप, फिल्टर आणि टाकीतली जाळी असते. पुढे डिझेल फवारणारे इंजेक्टर, त्यांना दाबाखालचं डिझेल पुरवणारी सामायिक नळी म्हणजे रेल (कॉमन रेल इंजिनात) आणि उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा रिटर्न असतो. यातलं काहीही बिघडलं तरी लक्षणं पंप गेल्यासारखीच दिसतात.

सुरुवात डिझेल पुरवठ्यापासून करा. पंपाच्या इनलेटला पारदर्शक नळीचा तुकडा जोडा आणि सेल्फ मारा. नळीत बुडबुडे धावत असतील तर पंप हवा ओढतोय. अशा वेळी बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर, फिल्टरचं सील किंवा टाकीकडून येणारी भेगाळलेली रबरी नळी तपासायची, पंपाला हात लावायचा नाही. मग प्रेशर गेज लावा. व्हीपी ४४ सारख्या इलेक्ट्रॉनिक रोटरी पंपात ही तपासणी टाळून चालतच नाही. भर लोडवरही इनलेटला साधारण १० पीएसआय दाब टिकायला हवा, कारण आतून वाहणारं डिझेलच या पंपाला वंगण देतं आणि थंडही ठेवतं. फीड पंप मरतुकडा ठेवून नवा व्हीपी ४४ बसवला, तर तोही जुन्याच्याच वाटेने जातो.

कॉमन रेलमध्ये स्कॅनरवर रेल प्रेशर बघा. आयडलला ते साधारण २५० ते ३५० बार असतं. सेल्फ मारताना ते १५०-२०० बारच्या खालीच घुटमळलं, तर बहुतेक ईसीयू (इंजिनाचे कंप्युटर) इंजेक्टर उघडतच नाहीत. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या. दाब तयार होत नसेल तर प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न वेगवेगळ्या बाटलीत धरून मोजा. एखादी बाटली इतरांपेक्षा कितीतरी लवकर भरली तर दाब तिथून गळतोय. त्यानंतर रेलचा रिलीफ व्हॉल्व्ह आणि शेवटी पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह तपासा. बॉशच्या सीपी ३ या कॉमन रेल पंपात हा व्हॉल्व्ह सुटा मिळतो. तो अडकल्याने आयडल हेलकावे खात असताना अख्खा पंप बदलला जातो, हे बघून खरंच वाईट वाटतं.

एवढं सगळं बघूनही बोट पंपाकडेच जात असेल, तर आता निवडीचं बघू.

गाडीचं मॉडेल आणि साल सांगून पंप मागवू नका. त्याच इंजिनाला, त्याच सालात, वेगवेगळ्या पॉवरसाठी वेगवेगळे पंप लागलेले असतात. पंपाच्या अंगावरची पट्टी पुसा आणि त्यावरचं अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. बॉशच्या व्हीई या रोटरी पंपावर समजा 'व्हीई ६/१२ एफ १२५० आर' असं आहे. म्हणजे ६ सिलिंडर, १२ मिलिमीटरचा प्लंजर, मेकॅनिकल गव्हर्नर (वेग आवरणारा भाग), पंपाचा वेग १२५० आरपीएम आणि ड्राइव्हच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरणारा. फोर-स्ट्रोक इंजिनात हा पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे इंजिन २५०० वर असताना तो १२५० वर असतो. 'आर'च्या जागी 'एल' आला तर दिशा उलटी, आणि तो पंप तुमच्या कामाचा नाही. पुढे येणारे आकडे त्या खास इंजिनाचं सेटिंग दाखवतात. पट्टीवरचा दहा आकडी पार्ट नंबरही जुळवा. व्हीई पंपाचा नंबर ०४६० ने सुरू होतो, कॉमन रेल पंपाचा ०४४५ ने. ०९८६ ने सुरू होणारा नंबर बहुतेक कंपनीच्या रीमॅन (कंपनीने पुन्हा नव्यासारख्या केलेल्या) मालाचा असतो.

टर्बो इंजिनाच्या मेकॅनिकल पंपावर बूस्ट कंपेन्सेटर (टर्बोच्या दाबाप्रमाणे डिझेल कमी-जास्त करणारा भाग) हवा. तो नसलेला पंप बाहेरून हुबेहूब बसतो. पण टर्बोचा दाब तयार झालाय की नाही हे त्याला कळत नाही, त्यामुळे गाडी एकतर उठताना काळा धूर ओकते, नाहीतर चढावर मरते.

नवा की रीकंडिशन? व्हीई किंवा इनलाइन (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेल्या) पंपाला नीट केलेलं रीकंडिशन काम पुरेसं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र "सील किट टाकलं" म्हणजे रीकंडिशन नव्हे. हेड-रोटर, कॅम प्लेट आणि रोलर बदलले की जुनेच ठेवले, हे विचारा. सील विटॉन रबराचे आहेत का तेही बघा. जुने नायट्राइल सील कमी सल्फरच्या डिझेलमध्ये आकसतात आणि शाफ्टपाशी गळायला लागतात. सोबत टेस्ट बेंचचा कागद मागा. त्यावर किती आरपीएमला किती डिलिव्हरी आणि सिलिंडरा-सिलिंडरात किती फरक, हे आकड्यांत लिहिलेलं असायला हवं. कागद मिळत नसेल तर तो पंप घेऊ नका.

कॉमन रेलच्या पंपाबाबत मी जास्त सावध असतो. सीपी ३ मध्ये तीन रेडियल पिस्टन असतात आणि हा पंप दणकट आहे. चांगलं रीमॅन युनिट चालतं. सीपी ४.२ मध्ये दोनच पिस्टन, आणि कॅमवर रोलर असलेले टॅपेट. डिझेलमध्ये हवा किंवा पाणी आलं, वंगणक्षमता कमी पडली, की टॅपेट आपल्या जागेवर फिरतो. रोलर कॅमवर आडवा घासतो आणि लोखंडाचा बारीक कीस रेल, इंजेक्टर आणि रिटर्नमधून थेट टाकीत पोहोचतो. वंगणक्षमतेची मर्यादा डिझेलच्या दोन मानकांत वेगळी आहे: युरोपच्या ईएन ५९० मध्ये चाचणीत घर्षणाने धातूवर पडणारा व्रण जास्तीत जास्त ४६० मायक्रॉन चालतो, अमेरिकेच्या डी ९७५ मध्ये ५२०. आकडा जितका मोठा तितकी झीज जास्त.

म्हणून कॉमन रेलचा जुना पंप उतरवण्याआधी मीटरिंग व्हॉल्व्ह काढून त्याची जाळी पांढऱ्या कापडावर झटका. उन्हात धरा. चांदीसारखी चमक दिसली तर नुसता पंप बदलून काहीच साधणार नाही. इंजेक्टर, रेल, हाय प्रेशर पाइप, फिल्टर सगळं नवं लागतं. टाकी उतरवून धुवावी लागते, रिटर्नची लाइन बदलावी लागते. हा सगळा खर्च धरूनच पंपाचा विचार करा. कीस टाकीकडे वळवणारं बायपास किट मिळतं. ते इंजेक्टर वाचवतं, पंप वाचवत नाही. काही इंजिनांत सीपी ४ काढून सीपी ३ बसवता येतो. पण आधी ब्रॅकेट, ईसीयूचं सेटिंग आणि प्रदूषणाचे नियम, तिन्ही तपासून घ्या.

बसवताना व्हीई पंपाच्या शाफ्टवरची छोटी अर्धगोल चावी सांभाळा. गिअर ओढला की ती टायमिंग केसमध्ये पडते आणि मग पुढचं कव्हर उघडावं लागतं. आधीच खाली चिंधी कोंबून ठेवा. गिअर पुलरनेच काढा, हातोडा नको. निमुळता शाफ्ट आणि गिअरचं भोक दोन्ही कोरडे पुसा. तिथे तेलाचा थेंब राहिला तर लोडवर गिअर सरकून टायमिंग हलतं, आणि चावी नसलेल्या पी ७१०० सारख्या इनलाइन पंपात तर हमखास. व्हीईचं टायमिंग हेडमधला मधला प्लग काढून डायल गेजने मिलिमीटरमध्ये लावा, निव्वळ खुणेवर विसंबू नका. सीपी ३ ला टायमिंग लागत नाही. सीपी ४ काही इंजिनांत खुणेवरच बसवावा लागतो, ते मॅन्युअलमध्ये बघा.

नवा पंप कोरडा फिरवायचा नाही. इलेक्ट्रिक किंवा हातपंपाने डिझेल भरून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढा. सेल्फ एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये दोन मिनिटं थांबा. मेकॅनिकल पंपात इंजेक्टरचे नट सैल करून एअर काढता येते. कॉमन रेलमध्ये इंजिन चालू असताना नटाला पाना लावायचाच नाही. ती धार कातडी भेदून आत शिरते आणि जखम वरून क्षुल्लक दिसली तरी हात गमवायची वेळ येते. लिकेज शोधायचं तर लांबून पुठ्ठा फिरवा, बोट नको.

चालू झाल्यावर स्कॅनरने जुन्या पंपाची शिकलेली मूल्यं रिसेट करा, जिथे ती सोय आहे तिथे. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर फिल्टर बदला आणि जुना कापून कागदाच्या घड्या उलगडा. घड्यांत पुन्हा चमक असेल तर गाडी तिथेच उभी करा आणि टाकी परत उघडा.