डॅशबोर्डवर दिवा लागला, गाडी चालवू का नको?

आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर अधूनमधून डॅशबोर्डचा फोटो येतो आणि खाली प्रश्न, "दादा हा कसला दिवा लागलाय, गाडी चालवू का नको?" अरे बाबांनो, चिन्ह नाही कळलं तरी आधी रंग बघा. लाल असेल तर बाजूला घ्या, पिवळा असेल तर सावकाश गॅरेज गाठा, हिरवा-निळा असेल तर काहीतरी चालू आहे एवढंच.

लालमध्ये सगळ्यात वाईट तो ऑइलच्या किटलीचा. लोकांना वाटतं ऑइल कमी झालं असेल, पुढच्या पंपावर टॉपअप करू, पण बहुतेक गाड्यांत तो दिवा प्रेशरचा असतो, म्हणजे आत बेअरिंगपर्यंत ऑइल पोचतच नाहीये, अशात थोडंसं अंतर जरी रेटलं तरी इंजिन उघडायची वेळ येऊ शकते. तिथल्या तिथे बंद करायची आणि टोइंगवाल्याला फोन. चालत्या गाडीत बॅटरीचा दिवा लागला तर बिचारी बॅटरी बऱ्याचदा चांगलीच असते, अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज बनवणारा पार्ट, चार्ज करत नसतो किंवा बेल्ट तुटलेला असतो, आणि काही गाड्यांत त्याच बेल्टवर वॉटर पंपही चालतो म्हणून टेंपरेचरच्या काट्यावर लक्ष ठेवा.

चेक इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागून राहिला तर एवढं घाबरायचं कारण नाही, पण लुकलुकायला लागला तर मिसफायर होतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनीत जातं आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो, आणि तो पार्ट महाग आहे. ॲक्सिलरेटर सोडा, जमेल तिथे थांबा. स्टिअरिंगखालच्या पोर्टला स्कॅनर लावला की पी०३०१ वगैरे कोड येतो, म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसफायर. काही मेकॅनिक नुसता कोड उडवून देतात, दिवा जातो, बिघाड तिथेच.

ईएसपीचं, म्हणजे घसरणारी गाडी सावरणाऱ्या सिस्टिमचं, मात्र उलटं आहे हां. घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा तो दिवा पावसात घाटाच्या वळणावर लुकलुकला तर सिस्टिम तिचं काम करतेय, एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी रेषेत आणतेय, तुम्ही फक्त स्पीड कमी करा. कायमचा लागून राहिला तर ती बंद आहे किंवा बिघडलीय. एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टिमचा, पिवळा दिवा एकटा असेल तर साधे ब्रेक लागतात, फक्त जोरात दाबले तर चाकं लॉक होऊ शकतात. पण त्याच्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही आला आणि हँडब्रेक खाली आहे, तर पुढे जाऊच नका. आणि एबीएस चालू असताना पॅडल पायाखाली थडथडतं, तेव्हा घाबरून पाय काढायचा नाही, दाबून धरायचा.

सेकंड हँड गाडी बघायला गेलात तर स्टार्ट न करता नुसती चावी ऑन करा. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो काढलाय किंवा दुसऱ्या दिव्याला जोडलाय असं समजा आणि भाव करत बसू नका, सरळ दुसरी गाडी बघा.

राहिलं ईएसपी ऑफचं बटण. कोकणात पावसाळ्यात लाल चिखलात चाक रुतलं की चाक फिरतंय म्हणून सिस्टिम पॉवर कापते आणि गाडी जागची हलत नाही, तिथे ते बटण दाबायचं, गाडी बाहेर काढायची आणि डांबरी लागली की परत ऑन करायचं.